व्हाईटनिंगचं जेल आणि लाईट आले कुठून?

दात पांढरे करायचा डेंटिस्टकडचा तो निळा लाईट आणि जेल बघून वाटतं की कायतरी एकदम लेटेस्ट चाललंय, पण यातलं मेन केमिकल म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, ते १८१८ मध्येच थेनार या फ्रेंच केमिस्टने शोधलं होतं आणि १८८० च्या दशकात डेंटिस्ट लोक ते दातांवर वापरायलाही लागले होते.

त्याआधीचे प्रकार वाचून अंगावर काटाच येतो. रोमन लोकांत लघवीने दात घासायची पद्धत होती, आणि पुढे युरोपात दातांचं कामही न्हावीच बघायचे तेव्हा ते आधी कानशीने दात घासायचे आणि मग वरून चक्क नायट्रिक ॲसिड फिरवायचे. दात पांढरे दिसायचे हो, पण वरचं इनॅमलच गेल्यावर ते टिकणार किती? एकोणिसाव्या शतकात मग ब्लीचिंग पावडर, ऑक्झॅलिक ॲसिड असलं बरंच ट्राय झालं, जास्त करून आतली नस मरून काळ्या पडलेल्या दातांवर.

पेरॉक्साइड दात खरवडत नाही, इनॅमलमधून आत झिरपतं आणि रंग देणारे रेणू तोडतं. लाईटने ते गरम करून काम लवकर उरकायची आयडियासुद्धा १९१८ ची, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची!

खरी कलाटणी मात्र चुकून मिळाली. १९६० च्या दशकात अमेरिकेत आर्कान्सामधल्या क्लुस्मायर नावाच्या ऑर्थोडॉन्टिस्टने (वाकडे दात सरळ करणाऱ्या डेंटिस्टने) पेशंटच्या सुजलेल्या हिरड्यांसाठी १०% कार्बामाइड पेरॉक्साइड (यातून हायड्रोजन पेरॉक्साइडच सुटतं) रात्रभर दातांवर बसणाऱ्या ट्रेमध्ये घालून लावायला दिलं, हिरड्या तर सुधारल्याच पण दातही उजळले. तरी १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या डेंटिस्टांचा यावरचा पेपर येईपर्यंत हे फार कुणाच्या गावीही नव्हतं, त्यानंतर मात्र घरी वापरायच्या ट्रे आणि क्लिनिकमधली ट्रीटमेंट दोन्हीची नुसती लाट आली.

या दोन्हींत फरक स्ट्राँगपणाचा. १०% कार्बामाइडमधून जेमतेम ३.५% पेरॉक्साइड सुटतं, क्लिनिकच्या जेलमध्ये ते २५ ते ४०% पर्यंत असतं, म्हणून तर आधी हिरड्यांवर रेझिनचा (प्लास्टिकसारख्या पदार्थाचा) थर देऊन तो लाईटने कडक करतात, नाहीतर हिरडी पांढरी पडून चुरचुरते. आणि खुर्चीतून उठल्या उठल्या आरशात जे दिसतं ना, त्यातला काही भाग दात कोरडे पडल्याचा असतो, एक-दोन दिवसांत शेड थोडी उतरतेच. लाईटने त्यात कायमची भर पडते असं बहुतेक अभ्यासांत दिसलेलं नाही, तरी दिवे काही क्लिनिकमधून गेले नाहीत.

युरोपियन युनियनने तर २०११ मध्ये नियमच केला, ०.१% च्या वर ते ६% पर्यंतचं पेरॉक्साइड फक्त डेंटिस्टमार्फत, १८ च्या खालच्यांना नाही, आणि ६% च्या वर व्हाईटनिंगसाठी बंदच.