गिरणीची जमीन आणि ‘तिसरा वाटा’

‘मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनीचे तीन समान वाटे झाले: एक बागांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला’, असं अजूनही ठासून सांगितलं जातं. १९९१ चा नियम ढोबळमानाने तसाच होता. पण २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. समजा, दहा एकरांची गिरणी, त्यात आठ एकरांवर शेड. मग वाटे उरलेल्या दोनच एकरांचे! (मेख इथेच.) २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा अर्थ मान्य केला. सरकारी एनटीसीच्या (राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या) ज्युपिटर, एल्फिन्स्टन गिरण्या तर २००५ मध्येच विकल्या गेल्या. प्रभादेवी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर तिथे आता काचेची ऑफिसं आहेत.