पहिल्या वर्षीच रुग्णाजवळ: पार्श्वभूमी

वैद्यकीय विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी रुग्णाला भेटावे, ही आज नवी सुधारणा मानली जाते. खरे तर त्याला दोन वर्षे वॉर्डापासून लांब ठेवणे हीच तुलनेने अलीकडची रीत आहे.

नेदरलँड्समधील लायडन येथे १७१४ पासून डॉक्टर हर्मन बूरहावे १२ खाटांच्या वॉर्डात शिकवत. सहा पुरुषांच्या, सहा स्त्रियांच्या. त्यांच्या शिष्यांनी ही पद्धत एडिंबरा आणि व्हिएन्नाला नेली. पण विद्यार्थी तिथे मुख्यतः बघे होते. १७९४ मध्ये पॅरिसला नवे वैद्यकीय विद्यालय निघाले, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ फुर्क्रुआ यांनी सूत्र दिले: कमी वाचा, खूप पाहा, खूप करा. डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विद्यार्थ्यांकडे रुग्णच सोपवले. हिस्टरी म्हणजे आजाराची पूर्वहकीगत घेणे, रक्त-लघवी तपासणे, नोंदी ठेवणे ही त्यांची कामे. मात्र हे शेवटच्या वर्षी.

वर्ग आणि वॉर्ड यांतली दरी रुंदावली ती वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर. अमेरिका व कॅनडातील १५५ विद्यालये पाहून अब्राहम फ्लेक्सनर यांनी दोन वर्षे प्रयोगशाळा, दोन वर्षे रुग्णालय या रचनेचा पुरस्कार केला. अनेक विद्यालयांत धड प्रयोगशाळाही नव्हती, हे लक्षात घेता तो आग्रह रास्तच होता. रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामावरही त्यांचा तितकाच भर होता, त्यामुळे सारा दोष त्यांच्या माथी मारणे मला पटत नाही. पण वेळापत्रकातली ती रेघ पक्की झाली. डिसेक्शन हॉलमध्ये हृदय हाताळलेला विद्यार्थी धडधडते हृदय ऐकायला तिसऱ्या वर्षापर्यंत थांबू लागला.

ही रेघ ठळकपणे पुसली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने, १९५२ मध्ये. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बाळाची चाहूल लागलेले एक कुटुंब जोडून दिले जाई. गरोदरपण, बाळंतपण, पुढे बाळाची वाढ, सारे तो जवळून पाही. उपचार करण्याची त्याची पात्रता नव्हती. पण तेच कुटुंब पुन्हा पुन्हा भेटल्याने आजार माणसाच्या आयुष्यात कसा शिरतो, हे त्याला कळे. मला या साऱ्या इतिहासातला हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो.

१९६९ मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाने रुग्णाच्या प्रश्नापासूनच शिकवणे सुरू केले. १९९३ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांची नियामक संस्था असलेल्या जनरल मेडिकल कौन्सिलने पाठांतराचा भार कमी करून रुग्णाशी लवकर संपर्काची बाजू घेतली. भारतात २०१९ च्या एमबीबीएस अभ्यासक्रमाने पहिल्या वर्षात यासाठी ९० तास राखले. त्यांतला काही भाग वर्गातच, केस-पेपर आणि तपासण्यांचे अहवाल समोर ठेवून पार पाडायचा होता.