शेणात जंत दिसत नाहीत, म्हणजे जनावर निर्जंत?

‘शेणात जंत दिसले तरच जंताचं औषध पाजा’ हा सल्ला सोलापूर भागातल्या गोठ्यांवर वर्षानुवर्षं फिरतोय. त्याला आधार आहे, पण अर्धाच. वासरा-रेडकांच्या शेणात लांब गोलकृमी किंवा पट्टकृमीचे तांदळासारखे तुकडे खरंच दिसतात. मोठ्या जनावरांतले बहुतेक जंत मात्र केसासारखे बारीक असतात आणि जठर-आतड्यातच राहतात. शेणातून पडतात ती अंडी, आणि ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात.

खात्री करायची तर गुदद्वारातून १०-२० ग्रॅम ताजं शेण घ्या (जमिनीवरचं नको, त्यात मातीतल्या अळ्या मिसळतात), झाकणाच्या डबीत थंड ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. तिथे मिठाच्या संपृक्त द्रावणात अंडी वर तरंगतात. पर्णकृमीची (गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या पानासारख्या चपट्या जंतांची) अंडी जड, ती तळाशी बसतात. म्हणून उजनीच्या काठावर, कालव्यालगत गोगलगायी असलेल्या जागी चरणाऱ्या जनावरांची गाळ-तपासणी वेगळी मागा.

औषध वजनाप्रमाणेच द्या; अंदाजाने कमी दिलं तर चिवट जंत मागे उरतात. १४ दिवसांनी पुन्हा शेण तपासलं की औषध लागू पडलं का ते कळतं. गाभण जनावराला कोणतं औषध चालेल आणि औषधानंतर दूध किती दिवस वापरायचं नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारा.