आधी ‘स्टँड’, मग ‘सिट’: पिल्लाला शोच्या रिंगसाठी तयार करताना

डॉग शोसाठी कुत्र्यांना तयार करायच्या आमच्या वर्गात पहिल्यांदा येणारे बहुतेकजण कौतुकानं सांगतात, “हा सिट करतो, शेकहँड देतो, सगळं येतं त्याला.” घरी पाहुणे आले की हे छानच. रिंगमध्ये, म्हणजे शोमध्ये जज कुत्रे तपासतात त्या जागेत, मात्र शेकहँडचा उपयोग नाही आणि ‘सिट’चा तर तोटाच होतो. आम्ही हे स्वतःच्या फजितीतून शिकलो. आमची पहिली लॅब, म्हणजे लॅब्रॅडोर, आठ महिन्यांची असताना तिला हौसेनं शोला नेलं. जज समोर येऊन थांबले, तशी ती टुणकन खाली बसली आणि पुढचा पंजा त्यांच्या हातात दिला. बघणारे हसले, जजही हसले. चौघींत आमचा नंबर चौथा. तिची काही चूक नव्हती. कुणी समोर थांबलं की बसायचं, हे आम्हीच रोज बिस्किटं देऊन तिच्या अंगी भिनवलं होतं.

दोन ते आठ महिन्यांचं पिल्लू घेऊन शोचा विचार करणाऱ्यांनी आमच्याकडे नाव घालण्याआधी हे पत्रक एकदा वाचावं.

जज काय बघतात

रिंगमध्ये कुत्र्याची हुशारी बघत नाहीत, बांधा आणि चाल बघतात. प्रत्येक जातीचं एक लेखी मानक असतं आणि समोरचा कुत्रा त्याच्या किती जवळ जातो, हे जज ठरवतात. लॅब्रॅडोर नराची आदर्श उंची खांद्यापाशी 56 ते 57 सेंटिमीटर दिलेली आहे. म्हणजे सोसायटीत लोक “बापरे, केवढा मोठा लॅब!” म्हणतात, ते रिंगमध्ये कौतुक ठरत नाही. जज दात मोजतात, जबडा जुळतो का बघतात, अंगावरून हात फिरवतात, नराची दोन्ही वृषणं खाली उतरली आहेत ना हेही तपासतात. एकच उतरलेलं असेल तर वेळीच पशुवैद्यांना दाखवा. शोचा नाद तिथे सोडावा लागतो, पण घरचा कुत्रा म्हणून त्यात काही उणं नाही.

कागद आधी बघा

शोसाठी पिल्लाची केनेल क्लब ऑफ इंडियाकडे नोंदणी हवी. ही संस्था 1896 सालची, कार्यालय चेन्नईत. नोंदणीबरोबर कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप असते आणि चिपचा पंधरा आकडी नंबर कागदावरच्या नंबराशी जुळायला हवा. “पेपर मागून देतो” या शब्दावर पिल्लू घेऊन आलेले कितीतरी लोक आमच्याकडे हात चोळत बसतात. कागद तुमच्या नावावर करून घेणंही विसरू नका. महापालिकेचा परवाना वेगळा, तो शो असो नसो काढायचाच.

उभं राहणं

सगळा पाया इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

पुण्यातल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर सराव करू नका. पाय सरकतात, पिल्लू अंग चोरून उभं राहतं आणि तीच सवय लागते. जुनी सतरंजी किंवा रबरी मॅट टाका. जेवणाआधी, भूक असताना, दोन मिनिटं. दिवसातून दोनदा पुरे. दहा मिनिटं केलंत तर आठवड्याभरात मॅट बाहेर काढली की पिल्लू सोफ्याखाली जाईल.

उकडलेल्या चिकनचा किंवा कलेजीचा नखाएवढा तुकडा बोटांत धरा. हात पिल्लाच्या नाकाच्या उंचीला ठेवायचा. नव्वद टक्के गडबड इथेच होते, कारण हात नकळत वर जातो. हात वर गेला की मान वर जाते, मान वर गेली की मागचा भाग खाली येतो आणि पिल्लू बसतं. मग आपण म्हणतो, ऐकत नाही! चारही पाय जमिनीवर असताना “स्टँड” म्हणून तुकडा द्या. पहिल्या आठवड्यात दोन सेकंद उभं राहिलं तरी शाबासकी.

हे जमलं की पाय हातानं लावायला शिका. पुढचा पाय पंजाला धरून ओढायचा नाही. कोपराशी धरून हलकेच उचलायचा आणि खांद्याच्या बरोबर खाली सरळ ठेवायचा. मागच्या पायाचा घोट्यापासून पंजापर्यंतचा भाग जमिनीला काटकोनात हवा. जर्मन शेफर्डची गोष्ट निराळी, त्याचा मागचा एक पाय जास्त मागे घेतात. बाजूनं मोबाइलवर व्हिडिओ काढून बघा. वरून आपल्याला जे सरळ वाटतं, ते बाजूनं बघितलं की हसू येतं.

‘सिट’ कधीच शिकवू नका असं नाही. ‘स्टँड’ पक्कं झाल्यावर शिकवा आणि दोन्हींसाठी पट्टा वेगळा ठेवा. शोचा बारीक पट्टा गळ्यात आला की उभं राहायचं, हे पिल्लाला पटकन कळतं.

परका हात

घरचे लोक रोज कुरवाळतात, त्याचा रिंगमध्ये फारसा उपयोग नाही. तिथे अनोळखी माणूस सरळ चालत येतो, वाकतो आणि तोंड उघडून बघतो. म्हणून बिल्डिंगमधल्या माणसांना कामाला लावा. वॉचमनकाका, काठी टेकत येणाऱ्या आजी, हेल्मेट घातलेला कुरिअरवाला. आपल्या गावात तर तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे अशा बंदोबस्तात स्कूटरवरून उतरणाऱ्या मुली आहेत. त्यांना न बिचकणारं पिल्लू टोपीवाल्या जजला बिचकत नाही. प्रत्येकानं मान, पाठ, शेपटी असा एकदा हात फिरवायचा, एक तुकडा द्यायचा आणि जायचं. लाडिक बोलत बसायचं नाही.

दात दाखवताना डावा हात हनुवटीखाली, उजव्या अंगठ्यानं ओठ वर. नाक दाबू नका. आधी समोरचे, मग दोन्ही बाजूंचे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडतात, हिरड्या दुखतात. त्या काळात नुसता ओठ उचलून लगेच सोडा. तेव्हा एकदा दुखावलेलं पिल्लू पुढे वर्षभर तोंडाला हात लावू देत नाही.

तीन ते साधारण चौदा आठवडे हा काळ नव्या गोष्टी पचवायचा, आणि नेमक्या त्याच काळात लसी पूर्ण झालेल्या नसतात. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून बागेत खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन कट्ट्यावर बसा आणि जग दाखवा.

ढोल

शो मैदानावर असतात, वर लाउडस्पीकर. पावसाळ्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, त्याचा फायदा घ्या. आवाज अंधूक ऐकू येईल इतक्या लांब पिल्लाला खाऊ घाला आणि रोज थोडं जवळ जा. खाणं थांबलं की समजा जास्त जवळ आलात, मागे फिरा. विसर्जन मिरवणुकीत मात्र कृपा करून नेऊ नका. त्याला सराव म्हणत नाहीत.

चाल

कुत्रा आपल्या डावीकडे, चक्कर घड्याळाच्या उलट, म्हणजे कुत्रा जजच्या बाजूला राहतो. त्याच्या आणि जजच्या मध्ये आपण यायचं नाही. चाल दुडकी हवी, पुढचा एक पाय आणि त्याच्या तिरक्या बाजूचा मागचा पाय जोडीनं पडणारी. हळू चाललात की बरीच पिल्लं एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत उंटासारखी डुलतात. त्याला ओरडू नका, तुमचा वेग किंचित वाढवा. चार महिन्यांच्या पिल्लाला रोज वेताळ टेकडी चढवणारे लोक आम्ही बघतो. हाडं अजून वाढत असतात, एवढी चढ-उतार नको. उन्हाळ्यात सकाळी सातनंतर डांबरी रस्ता टाळा.

अंघोळ शोच्या दोन-तीन दिवस आधी घाला, नखं त्याही आधी कापा. चमक यावी म्हणून खोबरेल तेल चोळू नका. जजचा हात तेलकट होतो आणि चेहरा त्याहून.

आमच्या वर्गाविषयी

पहिल्या दोन रविवारी पिल्लू आणू नका. घरातल्या एकानं पट्टा धरायचा आणि दुसऱ्यानं पट्ट्याचं दुसरं टोक धरून चालायचं. नवरा-बायको आले तर या वर्गात करमणूक फार होते, पण हात किती ओढतो हे तेव्हाच कळतं. तिसऱ्या रविवारी लसींचं कार्ड, भुकेलं पिल्लू आणि त्याच्या आवडीचा खाऊ घेऊन या. बक्षिसाची हमी आम्ही देत नाही, आणि तशी हमी दुसरीकडे मिळाली तर पैसे देण्याआधी दोनदा विचार करा.

शोचा हंगाम थंडीत असतो. पहिला शो पिल्लू घरी ठेवून बघायला या. आपल्या जातीच्या रिंगशेजारी खुर्ची टाका आणि कुत्र्यांकडे कमी, हँडलरच्या, म्हणजे पट्टा धरणाऱ्याच्या, हातांकडे जास्त बघा.