तिथीची पाऊणपट आणि ओहायोचं गणित

आमच्याकडे कोकणात खाडीकाठी भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी, की तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, एकादशी असेल तर सव्वाआठ, ती पूर्ण भरतीची वेळ, सकाळची आणि साधारण तीच संध्याकाळची. खाडीत जेवढं आत जाल तेवढी भरती उशिरा पोचते, ती बेरीज ज्याची त्याने आपल्या गावाप्रमाणे मनात करायची. आता ॲप आलेत तरी म्हातारी माणसं अजून असंच मोजतात. माझ्या मते हे मॉडेलच आहे, एक आकडा आत घातला, एक गुणक लावला, उत्तर बाहेर आलं, आणि कुठे किती चुकतं तेही वापरणाऱ्याला पाठ.

हे आठवायचं कारण म्हणजे काही वर्षांपूर्वीची एक जनसुनावणी. पडद्यावर खाडीचा रंगीत नकाशा, निळ्यात हिरवा, हिरव्यात थोडा पिवळा, आणि साहेब सांगतायत की मॉडेलनुसार सांडपाण्याचा परिणाम नगण्य. शेजारी आमचे काका बसलेले, आयुष्य जाळ्यात गेलेलं, ते उठून म्हणाले, "साहेब, कोणत्या तिथीला पाणी घेतलंनी?" साहेबांनी पानं चाळली, मग पुढचा प्रश्न घेतला. घरी येताना काका मला म्हणतात, "तू शिकलायस ना रे, मग बघ जरा हे गणित येतं कुठून." तर ते बघायला घेतलं, त्यातून हे लिहिणं.

नदीच्या प्रदूषणाच्या जवळजवळ प्रत्येक रिपोर्टात पहिला आकडा असतो तो बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन फस्त करतात तो. हा आकडा आला इंग्लंडातून. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सचा वास पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत शिरला, तिथपासून त्या लोकांनी गटारांचा प्रश्न मनावर घेतला, १८९८ मध्ये सांडपाण्यासाठी रॉयल कमिशन नेमलं आणि १९१२ च्या आठव्या रिपोर्टात त्या कमिशनने मोजायची पद्धत आणि मर्यादा घालून दिली. बाटली पाच दिवस ठेवायची, ६५ अंश फॅरनहाइटला. पाचच दिवस का, तर नेहमी सांगतात ते असं की ब्रिटनमधली कुठलीही नदी उगमापासून समुद्राला पोचायला पाच दिवसांहून जास्त घेत नाही, आणि ६५ अंश म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यातलं पाणी. आपण भारतात नंतर ते बदलून २७ अंशांना तीन दिवस केलं, पाणी गरम असलं की जिवाणू भराभर खातात म्हणून, ते बरोबरच आहे. पण मुळात त्या आकड्याच्या पोटात इंग्लंडची नदी बसलेली आहे हे कुणी सांगत नाही. आमची नदी पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावरून समुद्रात काही तासांत जाते, आणि वैशाखात खाडीतलं पाणी दिवसेंदिवस वर-खाली डुलत राहतं.

नदीचं पहिलं खरं गणिती मॉडेल मात्र अमेरिकेतलं. ओहायो नदीच्या काठावर शहरं वाढली, एकाचं सांडपाणी तेच खालच्याचं पिण्याचं पाणी, म्हणून तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी त्या नदीचा अभ्यास केला आणि १९२५ मध्ये तो छापला. कल्पना एवढी साधी की वाचून हेवा वाटतो. जिवाणू ऑक्सिजन खातात एका वेगाने, हवेतला ऑक्सिजन पाण्यात विरघळतो दुसऱ्या वेगाने, दोघांची रस्सीखेच. आधी खाणारे जिंकतात, ऑक्सिजन खाली जातो, मग घाण संपत येते आणि तो परत वर चढतो. कागदावर काढलं की कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा मधे झोळ पडलेला दिसतो. झोळाचा तळ कुठे येतो आणि किती खोल, एवढं कळलं की मासे कुठे गुदमरणार ते कळलं. गोड पाण्यात २० अंशांना साधारण ९ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो लिटरमागे, ३० अंशांना साडेसातच, खाऱ्या पाण्यात अजून कमी, म्हणजे आमच्याकडे मुळात पिशवीच लहान.

पुढची पन्नास वर्षं याच झोळावर थर चढत गेले. १९७० च्या सुमारास टेक्सासमध्ये क्वाल नावाचा प्रोग्राम झाला, त्यात ऑक्सिजनसोबत तापमान, नायट्रोजन, फॉस्फरस, शेवाळ अशी एकेक भर पडत गेली आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ते जगभर फुकट वाटलं, म्हणून आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतही तेच पोचलं.

यात एक गोची आहे. ओहायो एकाच दिशेने वाहते. दाभोळच्या खाडीत किंवा बाणकोटला ओहोटीला गेलेली घाण भरतीला परत दारात येते. खाडीसाठी वेगळं गणित लागतं हे तिकडेही उशिराच सुचलं, १९६० मध्ये ओ'कॉनर यांनी खाडीतल्या मिसळण्याचं समीकरण मांडलं, १९६३ मध्ये थॉमन यांनी डेलावेअरची खाडी खोक्या-खोक्यांत तोडून प्रत्येक खोक्याचा हिशोब जोडला. काकांचा तिथीचा प्रश्न म्हणजे नेमकं हेच. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी जोरात आत-बाहेर होतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, नुसतं हलतं, तेव्हा तीच घाण त्याच कोंडात साचून राहते. उधाणाला नमुना घेतलात तर खाडी स्वच्छ.

दुसरी गोची बीओडीचीच. ही चाचणी शहराच्या मैल्यासाठी केलेली. केमिकल कारखान्याच्या पाण्यात जिवाणूच मेले तर ते ऑक्सिजन खाणार कोण, मग बीओडी छान कमी दिसतो. म्हणून सीओडी (जिवाणूंऐवजी रसायन वापरून मोजलेली ऑक्सिजनची मागणी), जड धातू वगैरे वेगळं बघावं लागतं. महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाचा कायदा १९६९ मध्ये केला, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्याही आधी, आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं. त्याच काळापासून पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे-परशुराम अशा ठिकाणी एकेका नदीच्या काठावर केमिकलच्या वसाहती येत गेल्या. माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाटावरच्या समितीच्या २०११ च्या रिपोर्टात लोट्याचं सांडपाणी आणि दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांची अवस्था हे दोन्ही आहे, ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

आता सगळ्यात मजेची गोष्ट, जी कुठल्याही परदेशी मॉडेलात तयार मिळत नाही. कोकणातल्या बऱ्याच नद्यांचं उन्हाळ्यातलं पाणी कोकणातलं नाहीच. टाटांनी खोपोलीला १९१५ च्या सुमारास, मग भिवपुरीला, १९२७ मध्ये भिऱ्याला वीजघरं उभी केली, घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी नळांतून खाली आणून पाताळगंगा, उल्हास, कुंडलिकेत सोडलं. भिऱ्याच्या पाण्यासाठी मुळशी बुडाली, सेनापती बापटांचा सत्याग्रह त्याचाच. मग साठच्या दशकात कोयना. कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी पोफळीला पडून वाशिष्ठीत येतं, लवादाने ठरवलेला आकडा वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट). म्हणजे चिपळूणला भर मे महिन्यात नदी वाहताना दिसते ती पावसाची नसून विजेच्या मागणीची. संध्याकाळी राज्यात दिवे, पंखे लागले की टर्बाइन फिरतं आणि पाणी वाढतं. कोलाडला राफ्टिंगवाले सकाळी पाणी सुटायची वाट बघत बसतात तेही यामुळेच. तर मॉडेलात नदीचा प्रवाह म्हणून काय घालणार, पावसाचा आकडा की वीजघराचं वेळापत्रक? हे ज्यांनी घातलं नाही त्यांचं उन्हाळ्यातलं उत्तर पहिल्याच ओळीत चुकलं.

गाळाची गोष्ट याहून जुनी आहे, आणि तिची सुरुवात चक्क आपल्याकडे होते. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेले अलेक्झांडर गिब्सन, मूळचे डॉक्टर, दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख, त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं की डोंगरांवरची झाडं तोडली, जाळून शेती केली, म्हणून कोकणातल्या खाड्या गाळाने भरतायत. राजापूर बघा. इंग्रजांनी १६४९ मध्ये तिथे वखार घातली ती गलबतं शहरापर्यंत येत होती म्हणून. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटिअरमध्ये गाळाने खाडी उथळ झाल्याची नोंद आहे. चिपळूणचं गोवळकोट बंदर, आज तिथे उभं राहून मोठं गलबत डोळ्यांसमोर आणून दाखवा.

डोंगरावरून माती किती जाते याचं समीकरणही अमेरिकेतलं, विशमायर आणि स्मिथ यांचं १९६५ चं. पावसाचा मारा, मातीचा प्रकार, उताराची लांबी आणि तीव्रता, वरचं आच्छादन, बांधबंदिस्ती, सगळ्यांचा गुणाकार. त्यांचा प्रमाण प्लॉट २२.१ मीटर लांब आणि ९ टक्के उताराचा. नऊ टक्के! आमच्याकडे एवढ्या उतारावर क्रिकेट खेळतात. कोकणातल्या वरकस जमिनींना हे समीकरण लावताना आकडे ताणावेच लागतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठात, जे १९७२ चं, यावर बरंच काम झालंय. तरी त्यात दरड येत नाही. २०२१ च्या २२ जुलैला महाडजवळच्या तळियेचा डोंगर खाली आला, त्या एका संध्याकाळची माती कुठल्याही वार्षिक गुणाकारात बसत नाही.

नदीत आल्यावर गाळाचं काय होतं ते युरोप-अमेरिकेत १९३५ ते ५० या काळात सुटत गेलं. शील्ड्स यांनी १९३६ मध्ये कण तळावरून कधी उचलला जातो ते काढलं, राउझ यांनी १९३७ मध्ये तो पाण्यात किती उंच तरंगतो ते, आणि १९५० चं तळावरून सरकणाऱ्या वाळूचं गणित हान्स आल्बर्ट यांचं, म्हणजे आइनस्टाइनच्या मुलाचं. पण हे सगळं वाळूसाठी. आमच्या खाडीत येतो तो बारीक चिखल, आणि गोड्या पाण्यातला चिखल खाऱ्या पाण्याला भेटला की दूध नासावं तसे त्याचे गठ्ठे होतात आणि तो खाली बसतो. म्हणून भरतीचं खारं पाणी जिथवर चढतं तिथेच मळई वाढते. याचं गणित १९६२ मध्ये क्रोन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या चिखलावर प्रयोग करून बसवलं, आजची डच आणि डॅनिश सॉफ्टवेअरं, डेल्फ्ट आणि माइक, चिखलासाठी त्याच वाटेने चालतात.

पुण्यात खडकवासल्याला मात्र वेगळीच रीत होती. १९१६ मध्ये सिंचनासाठी सुरू झालेली ती संशोधन संस्था, तिथे शेडमध्ये सिमेंटच्या छोट्या नद्या आणि बंदरं बांधून पाणी सोडत, मुंबई बंदराचंसुद्धा असं मॉडेल होतं. त्या संस्थेचे प्रमुख क्लॉड इंग्लिस इथे नद्यांची वळणं शिकले आणि नंतर इंग्लंडात जाऊन वॉलिंगफर्डची संस्था उभी केली, म्हणजे विद्या फक्त तिकडूनच इकडे आली असंही नाही. या छोट्या नद्यांची अडचण एकच, नदी शंभरपट लहान करता येते, चिखलाचा कण करता येत नाही.

चिपळूणच्या २०२१ च्या पुरानंतर हे सगळं एकदम लोकांच्या तोंडी आलं. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला, रिक्षावालेही सांगायला लागले. २२ जुलैला पाऊस प्रचंड, दोन दिवसांवर गुरुपौर्णिमा म्हणजे उधाण जवळ आलेलं, वरून धरणाच्या पाण्याचा वाद आणि खाली गाळाचा. गाळ काढा म्हणून आंदोलन झालं, गाळ निघालाही. पण पूररेषेचं मॉडेल नदीच्या पात्राच्या मोजलेल्या छेदांवर उभं असतं, गाळ काढला की ते छेद बदलले, दोन पावसाळे गेले की परत बदलले.

कार्बनचा हिशोब यात सगळ्यात नवीन. १९५८ मध्ये कीलिंग यांनी हवाईत हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला, पण नद्या तेव्हा या हिशोबात नुसत्या नळासारख्या धरल्या जायच्या, जमिनीवरून घेतलं आणि समुद्रात सोडलं. २००७ मध्ये कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा नळ चांगलाच गळतो, जगभरच्या नद्या-तळ्यांत वर्षाला १९० कोटी टन कार्बन येतो, समुद्रात पोचतो ९० कोटी, बाकीचा वाटेत हवेत उडतो नाहीतर गाळात गाडला जातो. कोकणासाठी यात तीन गोष्टी एकाच वेळी चालतात. सह्याद्रीचा काळा दगड झिजताना हवेतला कार्बन ओढून घेतो, अहमदाबादच्या भौतिकी प्रयोगशाळेच्या लोकांनी पश्चिम घाटातल्या नद्यांचं पाणी तपासून २००५ मध्ये ते मांडलं. तिवरांखालचा चिखल कार्बन धरून ठेवतो, महाराष्ट्रात कांदळवन आहे ३२० चौरस किलोमीटरच्या आसपास, त्याला ब्लू कार्बन हे नाव मिळालं २००९ मध्ये आणि लोक तिवरांकडे जरा आदराने बघायला लागले. आणि तिसरं, खाडी स्वतः कार्बन हवेत सोडते. सर्मा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये भारतातल्या खाड्यांचा मिळून वर्षाला साधारण १९ लाख टन असा अंदाज दिला, त्यातही पावसाळ्याचा वाटा मोठा.

घेणं-देणं मिळवून उरतं किती? अख्ख्या दक्षिण आशियाची जमीन आणि झाडं मिळून वर्षाला किती कार्बन शोषतात याचं २०१३ चं एक उत्तर आहे, सुमारे १० कोटी टन, आणि पुढे अधिक-उणे १५ कोटी. म्हणजे उत्तराहून चूक मोठी. हे मी काकांना सांगितलं तर त्यांना हसू आवरेना, "आमची पाऊणपट बरी मग." मी म्हटलं, काका, निदान चूक केवढी ते लिहितात तरी, त्या सुनावणीतल्या नकाशावर तेही नव्हतं.

मग ते म्हणाले, पावसात खाडीवर असतं कोण. खरंय ते. गाळ आणि कार्बन समुद्रात जातो तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, त्यातलाही पुष्कळ चार-पाच पुरांच्या दिवसांत, आणि तेव्हा नमुना घ्यायला होडी काढायची कुणाची छाती होत नाही. काकांची होडी तेव्हा झापांखाली शाकारून ठेवलेली असते, नारळी पौर्णिमेला ती परत पाण्यात पडते, आणि तोवर वर्षाचा गाळ खाली निघून गेलेला असतो.