व्हेर्नाच्चा दी सान जिमिन्यानो

इटलीच्या तस्कनी प्रांतात, सिएना जिल्ह्यातील सान जिमिन्यानो या गावाच्या परिसरात व्हेर्नाच्चा नावाच्या द्राक्षापासून तयार होणारी पांढरी वाइन. तस्कनीची ख्याती क्यांती व ब्रुनेल्लो दी मोंताल्चीनो या सांजोव्हेझे द्राक्षाच्या लाल वाइनवर उभी आहे. तेथील पांढऱ्या वाइनपैकी ‘डीओसीजी’ हा इटालियन कायद्यातील सर्वोच्च दर्जा मात्र एकट्या व्हेर्नाच्चाला लाभला आहे.

या वाइनचा सर्वांत जुना स्थानिक पुरावा म्हणून सामान्यतः सान जिमिन्यानोच्या १२७६ मधील जकातविषयक नियमांचा हवाला देतात. गावाबाहेर जाणाऱ्या व्हेर्नाच्चावर त्यांत कर आकारलेला आहे. मध्ययुगात रोमकडे जाणाऱ्या यात्रेकरूंचा व्हिया फ्रान्चीजेना हा मार्ग या गावावरून जात असे आणि गावचे केशरही दूरवर विकले जाई, त्यामुळे अशा निर्यातीत नवल नाही. प्रश्न आहे तो नोंदीतील ‘व्हेर्नाच्चा’ म्हणजे आजचेच द्राक्ष होते काय, हा. इटालियन कवी दान्तेच्या ‘पुर्गातोरियो’ या मृतात्म्यांच्या पापक्षालनावरील काव्याच्या चोविसाव्या सर्गात पोप चौथा मार्टिन (कारकीर्द १२८१–८५) हा बोल्सेना सरोवरातील वाम मासे व व्हेर्नाच्चा यांच्या हव्यासाचे प्रायश्चित्त उपवासाने घेताना दिसतो. या ओळी सान जिमिन्यानोच्या संदर्भात नेहमी उद्‌धृत होत असल्या, तरी दान्तेने गावाचे नाव घेतलेले नाही. वायव्य इटलीतील लिग्युरिया प्रांताच्या किनाऱ्यावरील व्हेर्नात्सा या गावाशी नावाचा संबंध जोडणारे अभ्यासक ती लिग्युरियाची वाइन मानतात. इतरांच्या मते हे नाव ‘स्थानिक’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण सार्डिनियातील ओरिस्तानोची पांढरी आणि मार्के प्रांतातील सेर्रापेत्रोनाची लाल, फेसाळ वाइनही व्हेर्नाच्चा याच नावाने ओळखली जाते, आणि ही द्राक्षे एकमेकांहून भिन्न आहेत. लिग्युरियातील पिक्काबोन हे द्राक्ष मात्र सान जिमिन्यानोच्या व्हेर्नाच्चाशी एकरूप असल्याचे जनुकीय तपासणीवरून मानले जाते; तथापि वेल कोठून कोठे गेली, हे त्यावरून ठरत नाही. मध्ययुगीन कागदपत्रांतील व्हेर्नाच्चा हा एखादा वाण नसून उंची पांढऱ्या वाइनचा एक वर्ग असावा, असे समजणे सध्या तरी सयुक्तिक होय.

सोळाव्या शतकापासून पुरावे अधिक निःसंदिग्ध होतात. पोप तिसरा पॉल याचा मद्यभांडारी सांते लांचेरियो याने सान जिमिन्यानोच्या व्हेर्नाच्चाची स्तुती केली आणि तिचे उत्पादन फार थोडे होते याबद्दल खेदही व्यक्त केला. फ्रान्चेस्को रेदीच्या ‘बाक्को इन तोस्काना’ (१६८५) या काव्यात तर ती पिएत्राफित्ता येथील असल्याचे स्पष्ट म्हटले आहे, आणि पिएत्राफित्ता हा सान जिमिन्यानोलगतचाच मळा आहे. पुढील दोन शतकांत तिचा उल्लेख क्वचितच आढळतो.

वेली प्लायोसीन या काही दशलक्ष वर्षांपूर्वीच्या भूवैज्ञानिक काळातील सागरी गाळापासून बनलेल्या पिवळसर वाळूत व चिकणमातीत वाढतात. पूर्वी रस सालींसह बराच काळ आंबवून चेस्टनटच्या लाकडी पिंपांत ठेवीत, त्यामुळे वाइन गर्द सोनेरी, जड व काहीशी कडवट होई. आता द्राक्षे हलकेच दाबून रस सालींपासून लगेच वेगळा करतात व पोलादी टाक्यांत नियंत्रित तापमानात आंबवतात. ताजी वाइन फिकट पिवळी असते. तिला पांढऱ्या फुलांचा व सफरचंदाचा मंद गंध येतो आणि घोट उतरल्यावर जिभेवर कडू बदामाची चव रेंगाळते. हा कडवटपणा सालीजवळच्या घटकांमुळे येतो आणि जाणकार त्यालाच खरेपणाची खूण मानतात. ‘रिझेर्व्हा’ प्रकार किमान अकरा महिने मुरवून पुढे तीन महिने बाटलीत ठेवावा लागतो.

१९६६ मध्ये इटलीत ‘डीओसी’ हा (‘डीओसीजी’च्या खालचा) उगमस्थानदर्शक दर्जा देण्यास सुरुवात झाली, तेव्हा पहिल्या तुकडीत हिची गणना झाली. ‘डीओसीजी’ दर्जा १९९३ मध्ये मिळाला. नियमानुसार किमान ८५ टक्के व्हेर्नाच्चा आवश्यक असते. उरलेल्या भागात परवानगी असलेली इतर पांढरी द्राक्षे चालतात. उत्पादकांच्या संघाची स्थापना १९७२ मध्ये झाली. हा परिसर क्यांती कोल्ली सेनेझी या लाल वाइनच्या क्षेत्रातही मोडतो, त्यामुळे बहुतेक मळेवाले एकाच तळघरात दोन्ही प्रकारची वाइन करतात.