मन थकलं म्हणणं ही सबब नव्हे
बडोद्यात दांडिया बाजारच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरापासून मांजलपूरच्या क्रीडा संकुलापर्यंत आपल्या मराठी घरांतून एक समज टिकून आहे: थकतं ते अंग, मन थकलं म्हणणारं पोर सबब सांगतंय. हे खरं नाही.

२००९ साली ब्रिटनमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १६ जणांना ९० मिनिटं संगणकावर एकाग्रतेचं काम दिलं, मग दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. दुसऱ्या खेपेला कामाऐवजी माहितीपट दाखवला. डोकं शिणलेलं असताना ते सरासरी ६४० सेकंदांत थांबले, एरवी ७५४. हृदय आणि स्नायू कमी पडले नव्हते. तेच श्रम जड वाटत होते.

शाळा, शिकवणी आणि लगेच मल्लखांब, असा दिवस असलेल्या मुलाचं नेमकं हेच होतं. त्यातून मल्लखांबावर लक्ष ढळलं तर खाली पडणंच! अमेरिकी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सनं २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये, हवेत दिशाभान सुटू लागल्यावर, माघार घेतली. पॅरिसला २०२४ मध्ये तिनं ३ सुवर्णपदकं जिंकली.

तेव्हा परीक्षेच्या दिवसांत नवी अवघड उडी नको. सरावाआधी थोडा वेळ मुलाला मोकळं सोडा, गृहपाठाची चौकशीसुद्धा नको. आणि झोप कापून सराव तर मुळीच नको.